जुन्या गणितपत्रांतील अपूर्णांकी समीकरणें व त्यांची पारख

हस्तलिखितांचा संग्रह करणाऱ्या गृहस्थांच्या बासनांत हमखास आढळणारा, परंतु यादींत क्वचितच नोंदला जाणारा एक वर्ग म्हणजे सुट्या गणितपत्रांचा होय. ज्या पानावर श्लोक कमी व आंकडे अधिक, तें पान पाहतांच संग्राहक त्यावर "किरकोळ हिशेब" असा शेरा मारून रुमालाच्या तळाशीं टाकतो. सनदा, महजर, करीने यांकडे आमचें लक्ष जितकें लागलें आहे, त्याच्या शतांशानेंहि तें या पानांकडे लागलेलें नाहीं. वस्तुतः अशा पानांवर पुष्कळदां हिशेब नसून समीकरण असतें. आणि तें कोणत्या रीतीनें सोडविलें आहे हें ओळखतां आलें तर पान कोणत्या ग्रंथपरंपरेंतलें, शास्त्र्याच्या हातचें कीं कारकुनाच्या, मूळ ग्रंथाची नक्कल कीं गुरूनें शिष्यासाठीं स्वतः रचलेला पाठ, याचा पुष्कळसा उलगडा होतो. फाटलेल्या पानांतील गेलेला आंकडाहि भरून काढतां येतो. या लेखांत केवळ अपूर्णांक असलेल्या साध्या समीकरणांचाच विचार केला आहे, कारण सुट्या पानांत त्यांचाच भरणा अधिक असतो.

प्रस्तुत लेखकाचें वास्तव्य परभणी जिल्ह्यांतील जिंतूर तालुक्यांत, चारठाणा येथें आहे. येथील मंदिरें व मानस्तंभ पुराणवस्तूंच्या अभ्यासकांस परिचित आहेत. परंतु ज्या गोदातटाकीं गणिताचा अभ्यास पिढ्यान् पिढ्या चालला, त्या प्रदेशाच्या आपण अगदीं शेजारीं आहों, हें येथील सुशिक्षितांसहि ठाऊक नसतें. चारठाण्याहून दक्षिणेस सेलू ओलांडलें कीं पाथरी लागते. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं आपल्या 'भारतीय ज्योतिःशास्त्र' या ग्रंथांत (इ. स. १८९६) ज्ञानराजाचें पार्थपुर तें हेंच, असा निर्णय दिला. ज्ञानराजानें 'सिद्धान्तसुन्दर' शके १४२५ (इ. स. १५०३) मध्यें रचला. त्याचा पुत्र सूर्यदास यानें भास्कराचार्यांच्या बीजगणितावर 'सूर्यप्रकाश' नांवाची टीका शके १४६० मध्यें, व लीलावतीवर 'गणितामृतकूपिका' शके १४६३ मध्यें लिहिली. म्हणजे अनुक्रमें इ. स. १५३८ व १५४१. दुसरा पुत्र चिंतामणि यानें बापाच्या सिद्धान्तग्रंथावर टीका केली. एकाच घरांत तीन गणितज्ञ, आणि तेहि कोणत्या काळांत? पाथरीसाठीं इमादशाही व निजामशाही यांची झुंज ज्या पिढीनें पाहिली त्याच पिढींत. लष्करें येत होतीं व जात होतीं, आणि पाथरीच्या या घरांत "छेद" व "अंश" यांचें विवरण चाललें होतें.

सूर्यदासाची कीर्ति आज मुख्यतः 'रामकृष्णविलोमकाव्या'मुळें आहे. श्लोक सुलट वाचला तर रामकथा, उलट वाचला तर कृष्णकथा. काव्याच्या चमत्कृतीवर लुब्ध होणाऱ्या आम्हां संस्कृतज्ञांस हा मनुष्य प्रथम गणिती होता याचा विसर पडतो. कोलब्रुक यानें इ. स. १८१७ मध्यें लंडन येथें भास्कराचार्यांच्या पाटीगणिताचें व बीजगणिताचें जें भाषांतर छापलें, त्याच्या टीपांतून गणेश दैवज्ञ व कृष्ण दैवज्ञ यांच्या बरोबरीनें सूर्यदासाचेंहि नांव येतें. आपल्याकडे मात्र 'सूर्यप्रकाशा'ची संशोधित प्रत बडोद्याच्या प्राच्यविद्या ग्रंथमालेंत छापून निघण्यास इ. स. २००१ हें साल उजाडावें लागलें.

या परंपरेचें मूळ यादवांच्या राजाश्रयांत आहे. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, लीलावती व बीजगणित हे 'सिद्धान्तशिरोमणी'चे भाग शके १०७२ (इ. स. १११४ व ११५०) चे. पुत्र लक्ष्मीधर यास यादवराजा जैत्रपाल यानें आपल्याकडे नेलें. नातू चंगदेव हा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी झाला. चाळीसगांवाजवळील पाटण येथें भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं चंगदेवानें मठ स्थापिला, त्यास निकुंभवंशीय सोइदेवानें शके ११२८ मध्यें दान दिलें, आणि तें दान ज्या शिलालेखांत नोंदलें आहे त्याचा शेवटचा भाग मराठींत आहे. बीजगणिताच्या अध्यापनाची व्यवस्था मराठी अक्षरांत दगडावर कोरली गेली, ही गोष्ट शिलालेखाच्या भाषेचा काथ्याकूट करणाऱ्यांनीं जितकी मनावर घ्यावयास पाहिजे होती तितकी घेतलेली नाहीं. याहून मागें जावयाचें तर अमोघवर्ष राष्ट्रकूटाच्या काळांत, नवव्या शतकांत, महावीराचार्यांनीं 'गणितसारसंग्रह' लिहिला. त्यांत अपूर्णांकांस 'कलासवर्ण' या नांवाचें स्वतंत्र प्रकरण आहे. जिंतूरजवळ नेमगिरीचीं जैन लेणीं आहेत. त्या बाजूच्या जैन घरांतून गणिताचें पान मिळाल्यास तें भास्करीय असेल असें गृहीत न धरतां 'गणितसारसंग्रह'हि ताडून पाहावा.

आतां प्रत्यक्ष पानाकडे वळूं. प्रथम लेखनाची खूण ध्यानांत घ्यावी. जुन्या संस्कृत गणितपत्रांत अंश वर व छेद खालीं असतो. मध्यें आडवी रेघ नसते. पूर्णांकासह अपूर्णांक असल्यास पूर्णांक सर्वांत वर, त्याखालीं अंश, त्याखालीं छेद, अशी तीन मजल्यांची उतरंड होते. 'दोन पूर्णांक एक तृतीयांश' म्हणजे एकाखालीं एक २, १, ३. मधल्या अंकाच्या डोक्यावर बिंदु असल्यास तो भाग मिळवावयाचा नसून वजा करावयाचा आहे, असें समजावें. म्हणजे राशि दोनांतून तृतीयांश उणे. ही उतरंड न ओळखल्यामुळें यादी करणारे तिला "बेरजेचे आंकडे" म्हणतात. आणखी एक खूण अधिक महत्त्वाची आहे. ज्या राशीस छेद नाहीं तिच्याखालीं १ मांडलेला असतो, कारण छेदरहित राशीस एक हा छेद कल्पावा असा नियमच आहे. कारकुनी हिशेबांत पूर्णांकाखालीं असा निष्कारण १ कधींहि येणार नाहीं. तो दिसला कीं पान शास्त्राभ्यासाचें आहे, हें जवळजवळ निश्चित होतें.

यानंतर रीत पाहावी. अज्ञात राशि काढण्याच्या दोन रीती या पानांत मुख्यतः आढळतात, आणि इतिहासाच्या पुस्तकांतून त्या दोहोंची भेसळ केलेली असते. पहिली पाटीगणितांतील इष्टकर्म. लीलावतींतील प्रसिद्ध उदाहरणाचा आशय असा: एका राशीला पांचांनीं गुणून त्यांतून त्या गुणाकाराचाच तृतीयांश वजा केला, बाकीस दहांनीं भागलें, आणि त्यांत मूळ राशीचे तृतीयांश, अर्ध व चतुर्थांश मिळविले, तेव्हां ६८ झाले, तर राशि कोणती? येथें मनास येईल ती राशि, समजा ३, धरावयाची. पांचपट १५, तृतीयांश गेल्यावर १०, दहांनीं भागून १. यांत तीनांचे तृतीयांश १, अर्ध दीड व चतुर्थांश पाऊण मिळवून सव्वाचार, म्हणजे १७/४. मग दृश्य ६८ यास इष्ट ३ नें गुणून १७/४ नें भागावें, उत्तर ४८. यांत अज्ञातासाठीं कोणतेंहि अक्षर नाहीं. पानावर फक्त "इ ३" किंवा "इष्टं ३" व "दृश्य ६८" अशा नोंदी असतात.

ही रीत सोपी व मनोहर आहे, परंतु तिला मर्यादा आहे. धरलेली राशि दुप्पट केली तर फलहि दुप्पट झालें पाहिजे, या एकाच गोष्टीवर ती उभी आहे. म्हणून प्रश्नांतील सर्व भाग त्या राशीचेच असावे लागतात, आणि सुटी ज्ञात संख्या एकाच बाजूस, दृश्याच्या रूपानें, असावी लागते. यात्रेकरूचें उदाहरण याच जातीचें: त्यानें अर्धें धन प्रयागास दिलें, उरलेल्याचे दोन नवमांश काशीस, उरलेल्याचा चतुर्थांश वाटेंतील जकातींत, व उरलेल्याचे सहा दशांश गयेस, हातीं ६३ निष्क राहिले. इष्ट १ धरल्यास शेवटीं ७/६० उरतो. त्रेसष्टांस साठांनीं गुणून सातांनीं भागलें कीं ५४०. शेष कितीहि वेळां घेतला तरी प्रत्येक शेष मूळ धनाचाच अंश असल्यामुळें रीत चालते.

परंतु बीजगणिताच्या एकवर्णसमीकरणांतील हें उदाहरण पाहा. एकाजवळ ३०० रूपें व सहा घोडे. दुसऱ्याजवळ तशाच किंमतीचे दहा घोडे, पण त्यास १०० रूपें ऋण. पहिल्याच्या एकूण धनाच्या अर्धांत दोन मिळविले तर तें दुसऱ्याच्या धनाइतकें होतें. तर घोड्याची किंमत काय? येथें घोड्याची किंमत १ धरली तर एका बाजूस १५५ व दुसऱ्या बाजूस ९० ऋण येतात, आणि त्यांचा परस्परांशीं कांहीं प्रमाणसंबंध लावतां येत नाहीं. इष्टकर्म येथें थांबतें आणि 'यावत्तावत्' सुरू होतें. अज्ञाताची खूण "या", ज्ञाताची "रू". पहिल्याचें धन या ६ रू ३००; त्याचें अर्ध या ३ रू १५०; दोन मिळवून या ३ रू १५२. दुसऱ्याचें या १० रू १००, व शंभरांवर ऋणाचा बिंदु. हे दोन पक्ष एकाखालीं एक मांडतात, "या"खालीं "या" व "रू"खालीं "रू". मग समशोधन: एका पक्षांतील अज्ञात दुसऱ्यांतून व दुसऱ्यांतील रूपें पहिल्यांतून काढावीं. सात यावत्तावत् बरोबर २५२ रूपें, किंमत ३६. पडताळा घ्यावा: पहिल्याचें धन ५१६, अर्ध २५८, दोन मिळवून २६०, दुसऱ्याचें ३६० उणे १००, तेंहि २६०. या जातीच्या प्रश्नांचा नियम आर्यभटानें इ. स. ४९९ मध्येंच सांगितलेला आहे: रूपांच्या अंतरास अज्ञातांच्या अंतरानें भागावें.

अपूर्णांक दोन्ही पक्षांत पसरले असतील तर समशोधनापूर्वीं एक संस्कार करावा लागतो, त्यास 'छेदगम' म्हणतात. भ्रमरांचें उदाहरण सर्वांस पाठ असतें: पंचमांश कदंबावर, तृतीयांश शिलींध्रावर, या दोहोंच्या अंतराची तिप्पट कुटजावर, आणि एक भ्रमर आकाशांत फिरत राहिला. तो बीजानें सोडवावयाचा तर थवा या १ धरावा. पहिले दोन भाग मिळून ८/१५. अंतर २/१५, त्याची तिप्पट ६/१५. एकूण १४/१५ यावत्तावत् व रूप १, हें बरोबर या १. आतां सर्व राशी समच्छेद कराव्या: या १४ रू १५ एका पक्षीं, या १५ रू ० दुसऱ्या पक्षीं, खालीं सर्वत्र छेद १५. छेद सर्वत्र सारखाच असल्यामुळें तो टाकून दिला तरी पक्षांची समता बिघडत नाहीं. छेद गेला, म्हणून छेदगम. शोधन केल्यावर भ्रमर १५. हल्लींच्या शालेय पुस्तकांत छेदांच्या लसाविनें दोन्ही बाजूंस गुणण्याची जी रीत शिकवितात ती हीच. नांव मात्र हरवलें.

तीस वर्षें वर्गांत खडू झिजविल्यानंतर सांगतों कीं या ठिकाणीं विद्यार्थी एकच चूक करतात: छेद असलेल्या पदांस लसाविनें गुणतात आणि सुटा पूर्णांक तसाच ठेवतात. वरील उदाहरणांत रूप १ याचे १५ करावयास विसरणें ती ही चूक. जुन्या मांडणींत रूपाखालीं १ हा छेद लिहिलेलाच असे. त्यामुळें समच्छेद करतांना तें पद नजरेंतून सुटणें कठीण. पूर्णांकाखालचा तो एकांक म्हणजे केवळ लेखकाचा सोपस्कार नव्हे, हें यावरून कळेल.

बखशाली येथें इ. स. १८८१ मध्यें सांपडलेलें भूर्जपत्राचें हस्तलिखित या दृष्टीनें मनोरंजक आहे. त्यांत अज्ञाताच्या जागीं शून्याचा बिंदु मांडतात व ऋणाची खूण म्हणून संख्येपुढें हल्लींच्या अधिकचिन्हासारखी फुली येते. देशोदेशींच्या लेखनांत चिन्हें किती फिरलीं तें यावरून दिसतें. दक्षिणेंतील पानांत बिंदूचा अर्थ ऋण, त्यांत अज्ञात. दोन्ही परंपरांची सरमिसळ करून वाचणाराच्या पदरीं अनर्थ येईल.

ऋणाचा बिंदु हा नकलनविसांचा शत्रु होय. तो शाईचा ठिपका समजून गाळला जातो, किंवा शिरोरेषेंत मिसळून जातो. घोड्यांच्या उदाहरणांत शंभरांवरचा बिंदु गळाला असें समजा. मग या ३ रू १५२ बरोबर या १० रू १०० असें होऊन सात यावत्तावत् बरोबर ५२ येतात. घोड्याची किंमत सात रूपें व तीन सप्तमांश. पानाच्या शेवटीं "लब्धं ३६" असेल तर बिंदु गळाल्याचें तत्क्षणीं सिद्ध होतें. येथें पाठभेदांसाठीं दुसरी प्रत शोधीत बसण्याचें कारण नाहीं. समीकरण हीच दुसरी प्रत. काव्याच्या पोथीस ही सोय नाहीं.

कसर लागलेल्या पानाचेंहि तसेंच. यात्रेकरूच्या उदाहरणांत काशीस दिलेल्या भागाचा छेद खाल्ला गेला, दोन हा अंश तेवढा उरला, आणि उत्तर ५४० शाबूत आहे असें धरूं. दृश्यापासून विलोमविधीनें मागें यावें. सहा दशांश गयेस गेल्यावर उरलेले चार दशांश म्हणजे ६३. त्यापूर्वीं १५७॥ होते. हे चतुर्थांश गेल्यानंतरचे तीन चतुर्थांश, त्यापूर्वीं २१०. उलट बाजूनें, ५४० चें अर्ध प्रयागास जाऊन २७० उरले. २७० चे २१० झाले, म्हणजे काशीस ६० गेले. अज्ञात छेद "या" मानल्यास २७० ची दुप्पट ५४० भागिलें या, बरोबर ६०, छेदगम करून या ६० बरोबर रू ५४०, छेद ९. मात्र एका पानांत एकच आंकडा गेलेला असेल तोंवरच हें निश्चित. छेदहि गेला व उत्तरहि गेलें, तर एका समीकरणांत दोन अज्ञात उरतात आणि अनेक जोड्या जुळूं शकतात. तेथें छापील लीलावती पाहून जागा भरणें हें संशोधन नव्हे. भरलेला आंकडा नकलेंत कंसांत द्यावा, पानावर कधींहि लिहूं नये.

वर १५७॥ असें लिहिलें तें मुद्दाम. मराठी दप्तरांत पाव म्हणजे एक उभी रेघ, अर्धा म्हणजे दोन, पाऊण म्हणजे तीन. शास्त्रीबुवा हेंच १५७, १, २ अशी उतरंड करून लिहितील. लीलावतींतील उदाहरण, पण आंकडे उभ्या रेघांचे, असें पान आढळल्यास तें फार मोलाचें समजावें. कारण संस्कृत शास्त्र व मराठी लेखनप्रशाला यांची गांठ पडल्याचा तो पुरावा होय. पंतोजींच्या शाळांत मुलें पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी घोकीत, तीं हीच गांठ तोंडी रूपानें जपीत होतीं. औट म्हणजे साडेतीन. संस्कृत 'अर्धचतुर्थ', म्हणजे ज्यांतील चौथा अर्धा आहे तो, प्राकृतांत 'अद्धुट्ठ' होऊन औट झाला. अडीच हा 'अर्धतृतीय' याचा वंशज. तीनांस अर्धा मिळविणें असा विचार न करतां चौथ्याचें अर्ध घेणें, ही अपूर्णांक बोलण्याची पद्धति किती जुनी आहे तें या दोन शब्दांवरून कळतें.

शेवटीं एका इशाऱ्याकडे संग्राहकांचें लक्ष वेधणें अवश्य आहे. पानावरील आंकडे छापील ग्रंथाशीं जुळले नाहींत कीं आपण नकलनविसास दोष देतों. तसें करण्यापूर्वीं उदाहरण सोडवून पाहावें. कमळांचें उदाहरण घ्या: राशीचा तृतीयांश शिवास, पंचमांश विष्णूस, षष्ठांश सूर्यास, चतुर्थांश देवीस, आणि उरलेलीं सहा कमळें गुरूस, राशि १२०. भागांची बेरीज ५७/६०, शेष विसावा हिस्सा, म्हणून साहाची वीसपट. आतां एखाद्या पानावर गुरूस पांच कमळें आहेत आणि उत्तर १०० आहे, तर तो प्रमाद नव्हे. पांचाची वीसपट शंभरच. कोणा अध्यापकानें शिष्यास पाठांतरावर विसंबतां येऊं नये म्हणून आंकडे बदलले, आणि बदलतांना छेद तसेच ठेवून दृश्य तेवढें फिरविलें. ज्यानें दृश्य बदलूनहि उत्तर पूर्णांकी ठेवलें त्यास रीत समजली होती. उलट गुरूस पांच व उत्तर १२० असें आढळल्यास तो नकलेचा दोष. पहिल्या प्रकारचें पान सांपडल्यास तें ज्या घरांतून व ज्या बासनांतून आलें, त्याची नोंद पानाच्या नोंदीबरोबरच करावी, व त्याच बासनांतील इतर पानें वेगळीं काढूं नयेत. कारण त्याच हातचीं आणखी उदाहरणें शेजारच्या पंचांगाच्या किंवा स्तोत्राच्या पाठकोऱ्या बाजूस असण्याचा संभव असतो.